बारा मागांची किल्ली

“किल्ली आमच्याकडं नसतेच, मॅडम. ती फक्त ग्राहकाकडं. तुमचे फोटो आम्हालासुद्धा दिसत नाहीत,” फोनवरची मुलगी तिसऱ्यांदा म्हणाली.

ऋतुजानं कपाळाला हात लावला. बोल कुणाला लावणार? आपल्या घरातलं परक्यानं बघू नये म्हणून फोटो-व्हिडिओ कुलपात ठेवणारी ही कंपनी तिनंच शोधून काढली होती. वडिलांचा, आबांचा जुना फोन पाण्याच्या बॅरलात पडला आणि आता त्यांनी ठरवलेले बारा शब्द घातल्याशिवाय नव्या फोनवर कुलूप उघडेना. आत आईचे सगळे व्हिडिओ होते. गेलेल्या आईचा आवाज दुसरीकडं कुठंच उरला नव्हता.

“आबा, आठवा की जरा.”

“न्हाय आठवत,” आबा म्हणाले. “पर घोर करू नगं. तूच म्हणली हुतीस, कागदावर लिहू नका, सगळं एकाला सांगू नका. कारखाना चालू हुता तवाच मी एकेकाला एकच शब्द दिलाय. बारा माग, बारा माणसं. मागाच्या नंबरानं लावायचं.”

ऋतुजा बघतच राहिली. अक्कलकोट रोडच्या चादरीच्या कारखान्यात आबा बारा मागांची दुरुस्ती बघायचे. तो बंद पडून दोन वर्षं झाली, माणसं चहूकडं पांगली. बरं, फोन करून विचारावं, तर म्हातारा हट्टाला पेटला. शब्द घरी येऊनच सांगायचा, असं म्हणे ठरलंय!

रविवारी सकाळी घर भरलं. होटगीहून सिद्धराम आला. राजाबाई शेंगाची चटणी घेऊन आल्या. हुरडा, पितळ, करडई... एकेक शब्द येत गेला, ऋतुजा टाइप करत गेली. अकरा झाले. बारा नंबरच्या मागावरचे बसलिंगप्पा मात्र नुसतेच डोकं खाजवत बसले.

“लई आठवतोय पोरी, पर गेला बघ डोस्क्यातनं.”

ऋतुजाचे डोळे भरलेले बघून आबांना राहवेना.

“तरवड,” ते हळूच म्हणाले.

कुलूप उघडलं. आई कुणावर तरी लटकं रागावत हसत होती. सगळी माणसं त्या एवढ्याशा फोनवर वाकली.

ऋतुजानं आबांना बाजूला घेतलं. “बारावा बरा आठवला?”

“बाराच्या बारा पाठ हायत.”

“मग एवढ्या लोकांना कशाला पळवलंत, आबा?”

आबांनी खाली बघितलं.

“तुजी आई गेली तवा आलती ही सगळी. त्याच्यानंतर आजच.”