आक्षेपाची पानं

“हिनेच लक्षात आणून दिलं,” वडील म्हणाले. “मला कुठला वेळ असली पुस्तकं वाचायला! मुलीच्या दप्तरात होतं. हिनं वाचलं आणि म्हणाली, शाळेत जाऊन बोलायला हवं.”

आई खुर्चीच्या कडेवर बसली होती. मांडीवर पुस्तक. मुखपृष्ठावर हिरवा डोंगर आणि त्यावर एक शेळी.

मुख्याध्यापकांनी ते पुस्तक नुसतं वरवर चाळलं होतं. वर्गाच्या वाचनाच्या तासासाठी ते बाईंनी निवडलेलं. व्यवस्थापनाला हा तास मुळातच नको होता. आणखी एक तक्रार आली की तास बंद, असं सांगून झालं होतं. बाई वर्षभर या तासासाठी भांडत आल्या होत्या. आजही त्या कंबर कसूनच आल्या होत्या.

“शेळी घर सोडून जाते,” वडील म्हणाले. “मुलींनी यातून काय घ्यायचं?”

“शेळी फिरायला जाते हो,” बाई म्हणाल्या. “गोष्ट आहे ती.”

“तुम्ही ऐका तर. वाच गं. घाबरू नकोस, आपलीच माणसं आहेत.” मग मुख्याध्यापकांकडे वळून ते म्हणाले, “तशी ही कुठं बाहेर पडत नाही. पण म्हटलं, मुलीचा प्रश्न आहे, चल.”

आईनं पुस्तक उघडलं. आवाज बारीक होता, पण अडखळत नव्हता.

“‘तो जाताना बाहेरून कुलूप लावायचा. किल्ली त्याच्या खिशात असायची.’”

बाई काहीतरी बोलणार होत्या. थांबल्या.

“बघा,” वडील म्हणाले. “मालकच वाईट. म्हणजे घर राखणाराच वाईट.”

आईनं पान उलटलं. “‘आवाज केलास तर पिल्लाला उपाशी ठेवीन, म्हणायचा. त्यानं ठेवलंही.’”

“हे लहान मुलांना वाचायला द्यायचं?”

“पुढे वाचा, ताई,” बाई म्हणाल्या.

“‘अंगावरचे वळ कुणी पाहिले तर पडले म्हणून सांगायचं, हे तिला पाठ झालं होतं.’”

“शेळीला कोण विचारायला जातंय?” मुख्याध्यापक म्हणाले. वडील मोकळेपणानं हसले आणि खिशातला फोन काढून पाहू लागले.

“‘आता तो दोघींना लांब कुठंतरी नेणार होता,’” आईनं वाचलं. “‘तिथं त्यांना ओळखणारं कुणी नव्हतं.’”

बाईंनी तिच्याकडे पाहिलं. मग वडिलांकडे.

“बरोबर आहे तुमचं,” त्या म्हणाल्या. “पुस्तक काढू या.”

मुख्याध्यापक चमकले. “बाई, मग तासाचं काय?”

“तासही जाऊ दे, सर.” त्या वडिलांना म्हणाल्या, “तुमचा लेखी अर्ज लागेल. ऑफिसात मजकूर सांगतील, तुम्ही सही करा. तोवर ताई मला आक्षेपाची पानं दाखवतील.”

“ही येईल माझ्याबरोबर.”

“वाचलंय त्यांनीच. पानं चुकली तर अर्ज परत येतो. मग तुम्हालाच पुन्हा हेलपाटा.”

वडील घुटमळले. पण जिंकल्याचा आनंद चेहऱ्यावर मावत नव्हता.

“लवकर आटप,” ते बायकोला म्हणाले आणि शिपायामागून गेले.

बाईंनी दार लोटलं. आतून कडी घातली.

“कमाल आहे,” मुख्याध्यापक म्हणाले. “माझं डोकं खाऊन खाऊन तास मिळवलात आणि एका शेळीपायी घालवलात. एक शब्द तरी बोलायचात.”

आईनं पुस्तक मिटलं नव्हतं. तिची बोटं पानावर घट्ट रुतली होती. बाईंनी ती हलकेच सोडवली आणि उघडं पुस्तक मुख्याध्यापकांपुढे ठेवलं.

“सर, पोलिसांना फोन लावा. यांच्या मुलीला वर्गातून इकडे आणा. ताईंनी वाचलेलं एकही वाक्य या पुस्तकात नाही.”