जुना सर्व्हर काढल्यानंतर

"बाबा, तुम्हाला खरंच नोकरीवरून काढणार आहेत?"

तिला हे विचारायची हिंमतच होणार नाही, अशी मैत्रिणींनी पैज लावली होती. विचारलं की नाही! बाबांनी मात्र स्क्रीनवरून मानही वर केली नाही.

"उद्यापर्यंत हे सुटलं नाही, तर काढतील. मैत्रिणींना म्हणावं, पेढे नकोत, सहानुभूती पाठवा."

आईने घडी केलेला टॉवेल उलगडला आणि पुन्हा घडी घातली.

बाबांच्या कंपनीत तीन सर्व्हर होते. कामगारांची नावं, पासवर्ड तिन्हींवर. एकावर बदल केला की बाकीच्यांवर आपोआप उतरायचा. गेल्या महिन्यात सगळ्यात जुना निवृत्त केला आणि उरलेल्या दोघांनी अबोला धरला. मुख्य ऑफिसात बदललेला पासवर्ड गोदामात चालेना. माणसं दाराशी खोळंबायची आणि साहेब बाबांच्या डोक्यावर मिऱ्या वाटायचे.

"जुन्याचं नाव कुठेतरी राहिलं असणार," खुर्ची ओढत ती म्हणाली. संगणक स्पर्धेत पहिली आल्यापासून तिला कशाचंच भय उरलं नव्हतं.

"सगळीकडून काढलं. तरी नडतोय मेला."

"जुना ताईने बसवलेला," आई मध्येच म्हणाली. "तुमच्याच कंपनीत नोकरीला लागल्या लागल्या."

बाबा उठले. "तोंडावर पाणी मारून येतो."

तिने माउस हातात घेतला. जुन्याचं नाव खरंच कुठे नव्हतं. मग तिने गोदामाच्या सर्व्हरची सेटिंग उघडली. बाहेरून येणारे बदल तिथे बंद केलेले होते. हे आपोआप होत नाही. कुणीतरी मुद्दाम करावं लागतं, आणि करणाऱ्याचं नाव होतं बाबांचं.

सगळ्यात आधी कुठला बदल अडला होता? तिने पाहिलं. साहेबांच्या हुकमावरून मुख्य ऑफिसात पुसलेलं एक खातं. गोदामात ते अजून शाबूत होतं, हसऱ्या फोटोसकट.

बाबा दारात उभे होते. चेहरा ओला.

"एक टिचकी मारली की सुटतं ना हे?" तिने विचारलं.

"सुटतं."

"मग मार की गं!" आई म्हणाली. "कसली वाट बघतेस?"

"राहू दे," बाबा पुटपुटले. "उद्या नवा माणूस येईल. तो मारेलच."

तिने माउसवरचा हात काढून घेतला.

"आई, बाबा, मी ठरवलंय. नोकरी जाऊ दे. ताई गेली तेव्हा आपल्या हातात काही नव्हतं. आता तिला आपल्या हाताने पुसायचं नाही."