सालपादोरचं कोनफळ

लिनोचं कोनफळ बांबूला बांधून आठ जणांनी मांडवात आणलं, तेव्हा बायकांच्या बाजूने एकच ओरडा झाला. यंदाच्या मेजवानीत त्याच्या जवळपास जाईल असं दुसरं नव्हतं. सरदार स्वतः वाकून बघून गेले. आता लिनोला वरचा किताब मिळणार, हे शेंबड्या पोरालाही कळत होतं.

"लिनो, लेका, ह्याला खाऊ घालतोस तरी काय?" बांबू खाली टेकवत एकाने विचारलं.

"कसलं काय! हे बोटाएवढं. खरं मोठं आहे ते सालपादोरकाकांचं."

मांडव खदखदून हसला. जिंकणाऱ्याने असंच बोलायचं असतं, आपलं लहान आणि दुसऱ्याचं मोठं. म्हातारा सालपादोर तर यंदा हातभर कोनफळ काखेत मारून आला होता. लिनोची कानशिलं तापली. आज तो रीतीचं नव्हे, खरं बोलला होता.

मागच्या रविवारी सगळं गाव चर्चमध्ये असताना तो सालपादोरच्या रानात शिरला होता. दुसऱ्याच्या रानातल्या कोनफळाकडे मान वळवून बघायचं नाही, हे पोनपे बेटावर पोराला आईच्या दुधाबरोबर पाजतात. लिनोने नुसतं बघितलं नाही. वेलाखालची माती उकरून हात घातला, खांद्यापर्यंत घातला, तरी कोनफळ संपेना. माती सारखी करून तो घरी आला, आणि दोन दिवस बायकोशी धड बोलला नाही.

मुळं कुटून केलेल्या साकाऊची करवंटी फिरत फिरत लिनो आणि त्याच्या शेजारी बसलेल्या सालपादोरपाशी आली. सालपादोरने डोळे मिटून घोट घेतला, तोंड पुसलं.

"माझं मोठं, हे तुला कुणी सांगितलं रे?" त्याने हळूच विचारलं.

लिनोने करवंटीसाठी हात पुढे केला.

"माती बाकी छान सारखी केली होतीस."

लिनोला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. "मग... का नाही काढलंत, काका?"

"दुसऱ्याने बघून झालेलं कोनफळ मेजवानीत काय आणायचं, बाबा?" म्हाताऱ्याच्या आवाजात राग नव्हता. त्याने करवंटी लिनोच्या हातात दिली. "पी. आणि ऊठ, तुझं नाव पुकारतायत."

लिनो उठला. सरदारांसमोर गेला तरी त्याची मान वर होईना.

"एवढं मिळालं, पण पोराची मान बघा कशी खाली!" बायकांत कुणीतरी कौतुकाने म्हणालं. "ह्याला म्हणतात वळण."