मनगटीचे मणी

थापीच्या टोकाला काहीतरी टचकन लागलं. मृण्मयीने हात आवरला आणि ब्रशने माती सारली. काळा मणी. ज्वारीच्या दाण्याएवढा.

"योस्ट! करड्या थरात आहे! चोपलेल्या जमिनीच्या आत!"

योस्ट फळ्यांवरून घाईने आला. तो या उत्खननाचा प्रमुख. नेदरलँड्समधल्या फोरबर्ग गावातल्या या प्लॉटखालचं रोमन गाव त्याला स्वतःच्या गल्लीइतकं ठाऊक होतं. हा कोपरा नंतरच्या गटारकामात ढवळला गेलाय, उद्या सकाळी मशीनने उचलायचा, असं त्याने ठरवून टाकलं होतं. मृण्मयी आठवडाभर त्याच्याशी भांडत होती. ही घरातली जमीन आहे, शाबूत आहे, आणि ती कुजलेल्या लाकडाची तपकिरी रेघ म्हणजे उंबरा आहे. पण पुरावा नव्हता. आता मिळाला.

योस्टने भिंग लावलं. "काळी काच. रोमन वाटतोय. जिंकलीस बाई तू!" मशीनवाल्याला फोन करायला तो केबिनकडे वळला.

मृण्मयीने खुशीत जॅकेटच्या खिशात हात घातला आणि तिचा चेहरा उतरला. खिशात मणी होते. काळे. ज्वारीच्या दाण्याएवढे.

सकाळी निघायच्या गडबडीत तिच्या लेकीची, उत्तराची, मनगटी तुटली होती. दृष्ट लागू नये म्हणून आजीने पुण्याहून पाठवलेली. उत्तराला काय त्याचं! तुटलेल्या दोऱ्यातून एकेक मणी मागे सांडत ती खिदळत दाराकडे रांगत सुटली, आणि मृण्मयी गुडघ्यांवर मागून वेचत गेली. वेचलेले मणी तिने याच खिशात कोंबले होते. खिशाची चेन उघडीच होती.

तिने आइंडहोवनला ऑफिसात गेलेल्या नवऱ्याला फोन लावला.

"विराज, मनगटीचे सगळे मणी मिळाले होते का रे?"

"अगं मीटिंग आहे माझी. तूच वेचत होतीस, मी डबे भरत होतो. का?"

तिने सांगितलं. पलीकडून हसू आलं. "म्हणजे तुळशीबागेतल्या मण्याने डच लोकांचं मशीन थांबवलं?"

"हसू नकोस."

"मग गप्प बस ना. कुणाला कळणारे? ती जमीन रोमन आहे, याची तुला खात्री आहे ना?"

"आहे. म्हणून तर खोटा पुरावा नकोय मला."

तिने फोन ठेवला आणि तडक केबिन गाठली. योस्ट नंबर शोधत होता. तिने खिशातले मणी त्याच्यापुढे तळहातावर धरले आणि सगळं सांगून टाकलं.

"तुझ्या मुलीचा मणी? माझ्या रोमन घरात?"

"असू शकेल."

"मग कोपरा जाईल. कळतंय ना तुला?"

"कळतंय."

 योस्टने तिच्या हातावरचा एक मणी उचलून खिडकीच्या उजेडात धरला. भोकातून आभाळ दिसलं. त्याने सापडलेला मणी धरला. काहीच दिसेना. त्याने सुई घेऊन हलकेच टोचलं. भोकात करडी चिकणमाती होती, दाबून दाबून दगड झालेली.

"आत्ता खिशातून पडलेल्या मण्यात ही अशी बसेल?" तो म्हणाला. "घाबरलीस म्हणून बघितलं नाहीस. मीही बघितलं नव्हतं म्हणा."

मशीनचं काम पुढे ढकललं गेलं. पण चराकडे परत येताना योस्टचा आवाज बदलला होता. "इतके बारीक मणी बाळांच्या हातात असायचे. आणि तान्हं मूल गेलं की हे लोक कितीदा घरातच, जमिनीखाली पुरायचे. खाली काय निघेल ते तुला माहीत आहे. हे मी करतो, मृण्मयी. तुझं घरी एवढंसं आहे."

"म्हणूनच मी करणार," ती म्हणाली आणि गुडघे टेकले.

ती थापीने मातीचा एकेक पापुद्रा काढत गेली. मणी निघत गेले, आणि प्रत्येकाच्या जागी आलेख कागदावर एक ठिपका पडत गेला.  तिने मनाशी पक्कं केलं होतं, हाडं निघाली तर दुसऱ्या कुणाचा हात लागू द्यायचा नाही. उत्तराला आंघोळ घालताना मानेखाली हात देतो, तसा देऊनच उचलायचं.

करडा थर संपला. खाली पिवळी वाळू लागली, स्वच्छ, कधीही न उकरलेली. खड्डा नव्हता. हाडंही नव्हती.

"कबर नाही," योस्ट गोंधळून म्हणाला. "मग मणी असे कसे पडले?"

मृण्मयीने कागद दूर धरून पाहिला. खोलीच्या मध्यावर ठिपक्यांची दाटी होती. तिथून एक इथे, एक तिथे, वाकडीतिकडी रांग निघाली होती. ती रांग उंबऱ्याच्या तपकिरी रेघेकडे चालली होती. मृण्मयीला हसू फुटलं आणि डोळेही भरले.

"कुणी गेलं नव्हतं, योस्ट. नुसता दोरा तुटला होता."

एक मणी अजून मातीत होता. तो तिने मोकळा केला आणि त्याचा ठिपका कागदावर काढला, उंबऱ्याच्या पलीकडे.