फोनने लिहिलेला निरोप

मुलीने आईला नवा फोन दिला आणि शिकवलं, "इथे दाबायचं आणि बोलायचं. लिहायचं काम फोनचं." मुलगी सासरी परतताच आईने भांडी घासता घासता तिच्या सासूला निरोप बोलायला घेतला. "विहीणबाई, रविवारी दोघंही जेवायला या. नक्की या हं!" मग बटण बंद न करताच ती बाबांकडे वळली, "बोलवायची रीत म्हणून बोलावलं हो. आल्या की स्वतःचं कौतुक सांगून कान किटवतील." आणि ओल्या बोटाने निरोप पाठवून मोकळी झाली.

बाबांनी चष्मा लावून फोन पाहिला आणि कपाळावर हात मारला. "अगं, माझ्याशी बोललीस तेही गेलंय!" लेकीला आता काय काय ऐकावं लागेल, या विचाराने आईचा जीव खालीवर झाला. तेवढ्यात विहीणबाईंचं उत्तर आलं. तिने ते भीत भीत उघडलं.

"राग कसला विहीणबाई, नव्या फोनवर होतं असं. तुमच्या लेकीने मलाही गेल्याच आठवड्यात हे बोलून लिहायला शिकवलं. रविवारी नक्की येतो.

अहो, ऐकलंत का? घरूनच पोटभर जेवून निघू, यांच्याकडे सगळं अळणी असतं."