रजा संपल्यावर

गणवेशाची शेवटची गुंडी लावताना सुमंगलाचे कान आतल्या खोलीकडे होते. सव्वा वाजता सुर्ल्याच्या तिठ्यावर कंपनीची गाडी यायची. एक कधीच वाजून गेला होता. तिने डबा पिशवीत टाकला, पुन्हा बाहेर काढला, झाकण दाबून पाहिलं आणि परत टाकला.

सासू न्हाणीघरात घसरली त्याला दीड महिना झाला होता. खुब्याचं हाड मोडलं, तेव्हापासून ती खाटेवरच. सुमंगला डिचोलीच्या औषधांच्या कारखान्यात गोळ्यांच्या पॅकिंगला होती. तिने महिन्याची रजा काढली, मग हातापाया पडून पंधरा दिवस वाढवून घेतली. आजपासून दुसरी पाळी, दोन ते साडेदहा. शेजारची भाग्यलक्ष्मी म्हातारीकडे बघायला येणार होती. पण सकाळीच तिचा निरोप आला, भावजय बाळंत झाली, हळर्णला निघाले.

तिचा नवरा सगुण बाहेर सोप्यावर बसला होता. खाणी बंद झाल्यापासून त्याचा खनिज वाहायचा ट्रक अंगणात निळं प्लास्टिक पांघरून उभा होता. रोज सकाळी तो इंजिन सुरू करायचा, पाच मिनिटं घरघर ऐकायचा आणि बंद करायचा.

"आणखी आठ दिस मागून घे," तो म्हणाला.

"आज गेलंय नाय तर कामावरून काढतले."

"मग आईचा कोण करतला?"

"तुमी आसात मां घरात."

"मी?" त्याने तिच्याकडे पाहिलं. "ह्या काय पुरुषमाणसाचा काम?"

आतून म्हातारीचं कण्हणं ऐकू आलं, तशी सुमंगला पिशवी घेऊनच आत गेली.

चादर ओली झाली होती. सासू भिंतीकडे तोंड करून पडली होती. "झाला गे," ती पुटपुटली. "माका कळूकच नाय."

सुमंगलाने पिशवी खाली ठेवली आणि बाह्या वर सारल्या. तेवढ्यात तिठ्यावरून हॉर्न आला. तिचे हात जागच्या जागी थांबले. मग तिने चादरीचं टोक धरलं.

म्हातारीने तिचं मनगट पकडलं. "तू जा."

"पाच मिनिटां, आई."

"पाच मिनिटां गाडी थांबतली?"

म्हातारीने मनगट सोडलं. मग पदर ओढून स्वतःचं तोंड पूर्ण झाकून घेतलं आणि पदराआडूनच हाक मारली, "सगुणा, गरम पाणी घेऊन ये."

सगुण दारात येऊन उभा राहिला. त्याने आईकडे पाहिलं, ओल्या चादरीकडे पाहिलं, मग बायकोकडे.

"पाणी बंबात आसा," सुमंगला म्हणाली. तिने पिशवी उचलली. तो दारातून जरासा बाजूला सरला, तेवढ्या फटीतून ती बाहेर पडली.

सोप्यावर तिला चप्पल पटकन घालता येईना. अंगठा भलत्याच पट्ट्यात शिरत होता. आतून काहीच आवाज येत नव्हता, ना पावलांचा ना पाण्याचा. पुन्हा हॉर्न वाजला. ती धावत सुटली.

गाडीत ती खिडकीशी बसली, ऊन येतंय म्हणून उठली, दुसरीकडे बसली. शेजारची बाई नव्या सुपरवायझरबद्दल काही सांगत होती. सुमंगला हो हो म्हणत होती. म्हातारीला कुशीवर वळवताना मोडलेला पाय वरच्या अंगाला राहायला हवा, हे आपण सांगितलंच नाही. पाणी फार कढत असलं तर? की तो अजून दारातच उभा असेल?

साखळीचा थांबा आला आणि फोन वाजला.

"आईची सुकी लुगडी खंय आसत?" सगुणचा आवाज दबका होता. मागे बादलीची कडी वाजली.

"कपाटात. खालच्या खणात."

"खंयच्या कपाटात?"

शेजारच्या बाईने बोलणं थांबवून तिच्याकडे पाहिलं.

"उघडून बघा," सुमंगला म्हणाली.

त्याने फोन बंद केला नाही, कुठेतरी तसाच ठेवला. कपाटाचं दार करकरलं. एक खण ओढला गेला, मग दुसरा. डिचोली येईपर्यंत ती फोन कानाला लावून बसून होती.