तामसीचा पेला

ज्या गावात धड कॉफी मिळत नाही त्या गावाला स्वतःला शहर म्हणवून घेण्याचा अधिकार नाही, असं सुरेंद्रचं ठाम मत होतं. हे मत त्याने आदिलाबादच्या बसस्टँडवर, मुतारीच्या रांगेत उभं राहून जाहीर केलं. पुढच्या माणसाने वळून पाहिलं आणि म्हटलं, "तुमाले घाई असन तं तुमी जा पयले."

बाहेर भगवानराव मोटारसायकलला टेकून उभे होते. भाड्याने द्यायच्या जागा दाखवणं हा त्यांचा धंदा. हैदराबादच्या एका कॉफी कंपनीला इथे दुकान काढायचं होतं आणि गावात सध्या कशी कॉफी मिळते ते पाहायला कंपनीने आपला मुख्य चाखणारा पाठवला होता. तो हा सुरेंद्र.

सकाळपासून तीन ठिकाणं झाली होती. पहिल्या टपरीवाल्याने "कॉफी? काऊन, कोन बिमार हाय?" असं काळजीने विचारलं होतं. दुसऱ्याकडे यंत्र होतं, ते बंद होतं. तिसऱ्याने जे दिलं ते सुरेंद्रने डोळे मिटून घेतलं, तोंडात घोळवलं आणि डोळे उघडले तेव्हा त्याचा चेहरा पडलेला होता.

"चहा घ्या ना साहेब," भगवानराव म्हणाले. "फसकिलास भेटते इथं."

"चहाने माझी नोकरी वाचत नाही, भगवानराव."

आणि मग, ओळखदेख नसलेल्या माणसाला सांगणं सोपं असतं म्हणून, सुरेंद्रने सगळं सांगून टाकलं. मार्चमध्ये ताप आला, गेला, जाताना जिभेची चव घेऊन गेला. तेव्हापासून कुठलीही कॉफी त्याला कढत पाण्यासारखी लागत होती. इतके महिने त्याने पाकिटावरची नावं वाचून अभिप्राय दिले होते. आता मालकाला वास लागला होता. सोमवारी मालकासमोर बिननावाचे सहा कप ओळखायचे होते. आज शनिवार.

"डॉक्टर म्हणतात, येईल आपोआप. माझा एकच भरवसा आहे. एक खरी, अस्सल कॉफी मिळाली, तर ही जीभ जागी होईल."

भगवानरावांनी टोपी काढून डोकं खाजवलं. "मंग तामसी गावाले चाला. केशवरावाकडं."

केशवराव तीस वर्षं सरकारी विश्रामगृहात स्वयंपाकी होते. समुद्राकडच्या जिल्ह्यांतून बदली होऊन येणारे साहेब लोक इथे येताना रडत आणि जातानाही रडत. येताना जिल्ह्यासाठी, जाताना केशवरावांच्या कॉफीसाठी. एका साहेबाने तर बढती नाकारली होती, असं भगवानरावांनी वाटेत, कपाशीच्या शेतांमधून मोटारसायकल हाकताना, मान मागे वळवून सांगितलं. सुरेंद्रला ऐकू आलं ते एवढंच, पण तेवढं पुरलं.

केशवराव ओट्यावर बसले होते. सडपातळ, ताठ, एका गालात पान धरल्यासारखे. भगवानरावांनी पाहुण्याची ओळख करून दिली. केशवरावांनी मान हलवली.

"हैदराबादहून आले. तुमचं नाव ऐकून."

"हं."

सुरेंद्रला हे फार आवडलं. ज्याला येतं तो बोलत नाही. त्याच्या ऑफिसात सगळे बोलत.

दारातून केशवरावांची बायको पंचफुलाबाई डोकावल्या. "बसा भाऊ. कॉफीच ना? ठेवतोच." त्या आत गेल्या, डबे वाजले, आणि थोड्या वेळाने बाहेर येऊन त्यांनी स्टीलचा एक झाकलेला पेला ओट्यावर ठेवला आणि लगबगीने परत आत गेल्या.

सुरेंद्रने झाकण काढलं. गडद, लालसर तपकिरी. बिनदुधाची! त्याला तशीच लागते हे बाईंनी न विचारता ओळखलं. आणि कोमट. चव उघडायला कोमटच लागते, हे हैदराबादेत अजून पटवून देता आलं नव्हतं.

केशवरावांनी हात वर केला. पहिला घोट पाहुण्याचा, हे सांगायची ही रीत पाहून सुरेंद्रने मान लववली आणि पेला तोंडाला लावला.

तो थांबला.

"तुरट," तो हळूच म्हणाला.

भगवानराव पुढे सरकले. "आली?"

"थांबा. साल. झाडाची साल लागतेय. वाळक्या रानातलं, उन्हात उभं असलेलं झाड." दुसरा घोट. "मागून लवंग. आणि मीठ! भगवानराव, मीठ! चिमूटभर. केवढी जुनी विद्या आहे ही!"

त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. सहा महिन्यांत पहिल्यांदा जगाला चव होती. भगवानरावांनी नकळत हात जोडले. केशवरावही डोळे विस्फारून त्याच्याकडे पाहत होते, आणि सुरेंद्रला त्यात गुरूचं समाधान दिसलं.

त्याने तिथूनच मालकाला फोन लावला. "सर, सोमवारी सहा नको. बारा कप मांडा. आणि माझ्यासोबत एक बुजुर्ग येतील. आपण आजवर जे विकलं ती कॉफी नव्हतीच, सर." त्याने फोन ठेवला, आणखी दोन घोट घेतले आणि वाकून केशवरावांच्या पायांना हात लावला.

एवढ्यात पंचफुलाबाई ट्रे घेऊन आल्या. ट्रेमध्ये तीन कप होते, दुधाळ, वर फेसाचा जाड थर. "वेळ लागला भाऊ, दूध फाटलं व्हतं. घ्या, कॉफी घ्या."

सुरेंद्रने कपांकडे पाहिलं. मग हातातल्या पेल्याकडे.

केशवरावांनी गाल हाताने दाबून धरला आणि मोठ्या कष्टाने तोंड उघडलं.

"साहेब, थो पेला द्या आता इकडं. बाभळीच्या सालीचं पानी हाय थे. घोटभर उरलं असन तं मी चूळ भरतो, दाढ लय ठणकून राह्यली."